लाकडी ठशातील माणूस

मिठाच्या सत्याग्रहाची पदयात्रा १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाली, १ एप्रिलला सुरतेत आली आणि ५ एप्रिलला त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातील दांडी गावी समुद्राकाठी पोहोचली. या यात्रेची छायाचित्रे पुष्कळ आहेत. त्यांत धूळ आहे, गर्दी आहे, गांधीजींसमवेत निघालेले सत्याग्रही आहेत. आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे हे त्यांतलेच. परंतु दांडीयात्रा म्हणताच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते ते शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनी त्याच वर्षी कोरलेले ‘बापूजी’ हे छापचित्र. काळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांनी उमटलेला एक वृद्ध, हाती लांब काठी, पुढे पडलेले पाऊल. एवढेच.

नेमके सांगावयाचे तर हा ठसा लाकडाचा नसून लिनोलियमचा आहे. जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा यांपासून केलेल्या या पदार्थाला लाकडासारखे रेषे नसतात, त्यामुळे कोरणी त्यात हवी तशी वळते. लाकूड मात्र आडवे येते व आपली खूण रेषेवर ठेवून जाते. एरवी दोहोंचे व्याकरण एकच. कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो. राखलेल्या भागावर शाई बसते व तो काळा उमटतो. करड्या छटेला जवळजवळ जागाच नाही. तैलचित्रावर दुसरा हात देता येतो. उडालेली ढलपी परत बसविता येत नाही.

मनुष्याकृती रेखाटताना हीच अडचण उपकारक ठरते. गालावरची मऊ सावली, कातडीची कांती यांवर पाणी सोडावे लागते. मग उरतो तो खांद्यांचा कल, पाठीचा बाक, बोटांची पकड. आणि माणसाचे मन पुष्कळदा तेथेच उघडे पडते. जर्मन चित्रकर्त्री केथे कोलवित्स यांचा धाकटा मुलगा पेटर १९१४ साली पहिल्या महायुद्धात पडला. धातूच्या पत्र्यावर सूक्ष्म रेषा काढण्यात त्यांचा हातखंडा होता, पण या दुःखाला ती रेषा पुरी पडेना. १९२० मध्ये अर्न्स्ट बारलाख यांचे लाकडी ठसे पाहून त्या लाकडाकडे वळल्या आणि ‘युद्ध’ ही सात चित्रांची माला त्यांनी सिद्ध केली. तिच्यातील माता एकमेकींना बिलगून एकच काळा गोळा झाल्या आहेत. काळोखातून चेहरे आणि लेकरांना झाकणारे हात तेवढे उजळतात.

बसूंच्या ठशात शोक नाही, चाल आहे. सहकारी, रस्ता, जमाव हे सारे त्यांनी वगळले. वस्तुतः यात्रेचे बळ त्या जमावात होते. इतिहासकाराला हे वगळणे खटकेल. चित्राला मात्र त्याने उभारी आली.

पुढे १९३८ साली सुरत जिल्ह्यातच हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून बसूंनी मंडपासाठी रंगीत चित्रे काढली. त्यांत वादक आहेत, कारागीर आहेत, घरकामात गढलेल्या स्त्रिया आहेत. रेषा तशीच जोमदार, रंग प्रसन्न. पण तेथला माणूस ओळखू येतो तो त्याच्या हातातील कामावरून. १९३० च्या ठशातला ओळखू येतो तो त्याच्या पावलावरून.