मुदत संपलेलीं औषधें आणि विहिरीचें पाणी

जत तालुक्यांतील द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या कोणत्याही बागेंत जावें, आणि बाग पाहून झाल्यावर मालकास पंपाची खोली उघडण्याची विनंति करावी. बाग नेटकी असते, ठिबकाच्या नळ्या जागच्या जागीं असतात, वेलींची बांधणी पाहून मन प्रसन्न होतें. परंतु त्या खोलीच्या कोपऱ्यांतील पसारा दृष्टीस पडला कीं मालक स्वतःच थोडा ओशाळतो. अर्धीं उरलेलीं औषधें, चिठ्ठी गळून पडलेल्या बाटल्या, दोन हंगामांपूर्वीं मुदत संपलेल्या पुड्या, कोणत्या सालचे तें सांगतां न येणारे डबे, आणि त्यांच्याच वर खुंटीला टांगलेली ज्वारीच्या बियाण्याची पिशवी. क्वचित् ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालेलें फोरेट, म्हणजे आपल्या बोलण्यांतलें थायमेट, तेंही त्यांत निघतें. विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: "पैसे मोजून घेतलें आहे, टाकवत नाहीं, आणि टाकायचें तरी कुठें?"

हा प्रश्न खरा आहे. त्याला सरकारच्या नियमांत काय उत्तर आहे व काय नाहीं, हें आपण पाहूं.

घातक कचरा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें रसायनांचे मोठे कारखाने येतात. त्यांच्यासाठीं पहिले नियम १९८९ सालीं झाले. सध्यां २०१६ चे नियम लागू आहेत. कारखानदारास असा कचरा आपल्या आवारांत सामान्यतः ९० दिवसांपेक्षां अधिक ठेवतां येत नाहीं. वर्षास १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या लहान धंद्यास प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊं शकतें. त्यासाठीं मंडळाचें अधिकारपत्र लागतें. आवक-जावकीची वही ठेवावी लागते. दरवर्षीं ३० जूनपर्यंत मागील वर्षाचें विवरण द्यावें लागतें. प्रत्येक पिंपावर पिवळ्या रंगाची, पाण्यानें न धुपणारी चिठ्ठी लावून तिच्यावर इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेंत तांबड्या अक्षरांनीं इशारा लिहावा लागतो. कसूर झाल्यास पर्यावरण संरक्षण कायद्यान्वयें, २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणें, १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय अयोग्य हाताळणीमुळें शेजाऱ्याचें किंवा पाण्याचें जें नुकसान होईल त्याची भरपाई सांठा बाळगणाऱ्यावर.

आतां ह्या नियमांस जोडलेली यादी पहावी. मुदत संपलेलीं कीटकनाशकें तींत नांवानिशीं आहेत. घातक रसायनांनीं माखलेले रिकामे डबे व पिंपें आहेत. ट्रॅक्टरच्या इंजिनांतून काढलेलें जळकें ऑइलही आहे, जें आपण मोठ्या काटकसरीनें वाळवी लागूं नये म्हणून लांकडास फांसतों. म्हणजे कारखान्यानें ९० दिवसांवर ठेवूं नये असा जो माल, तोच आपल्या पंपाच्या खोलींत ९ वर्षें सुखानें नांदत असतो.

यावर एखादा जाणता शेतकरी म्हणेल कीं कायद्यानें आम्हांस सूट दिली आहे. तें एका अर्थीं खरें आहे. कीटकनाशकांचा १९६८ चा जो कायदा आहे, त्याच्या ३८ व्या कलमांत स्वतःच्या लागवडीखालील जमिनींत औषध वापरणाऱ्यास तो कायदा लागू नाहीं असें स्पष्ट म्हटलें आहे. परंतु ही सूट वापरण्याची आहे. २०१६ चे नियम ज्याच्या अंगावर जबाबदारी टाकतात, त्याच्या व्याख्येंत कारखान्याच्या चालकाबरोबरच "ज्याच्या ताब्यांत असा कचरा आहे ती व्यक्ति" हीही येते. शेतकऱ्यास हें किती लागू पडतें यावर वकील वाद घालोत. मला त्या वादांत फारसा रस नाहीं. विहीर आपली आहे, आणि तींत उतरलेलें विष कोणत्या कलमाखालीं उतरलें हें पाणी पिणारीं गुरें विचारीत नाहींत.

दुकानदाराची गोष्ट मात्र वेगळी आहे, व आपल्या गांवोगांवच्या संस्थांपैकीं ज्या औषधें विकतात त्यांनीं ही नीट वाचावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतील १०-अ हा नियम परवानाधारकास असें सांगतो कीं मुदत संपतांच तो माल वेगळा काढावा, त्यावर "विक्रीसाठीं नाहीं" असा शिक्का मारावा, आणि "मुदतबाह्य कीटकनाशकें" अशी पाटी लावलेल्या निराळ्या जागीं ठेवावा. ३६ वा नियम म्हणतो कीं कीटकनाशकें इतर मालापासून दूर, स्वतंत्र खोलींत किंवा कुलुपाच्या कपाटांत असावीं. खोली पक्की, कोरडी, उजेडाची व हवेशीर असावी. किती दुकानांत ही पाटी दिसते, हें वाचकांनीं पुढच्या खेपेस सहज मान वर करून पहावें. सरकीची पेंड आणि तणनाशकाचे डबे एकाच फळीवर असलेलें गोदाम मी एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे.

जतच्या माणसानें ह्या गोष्टीची काळजी इतरांहून अधिक कां करावी, याला कारण आपली जमीन आहे. आपल्याकडे माळावर मातीचा थर पातळ, त्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं काळा पाषाण. काळ्या खोल जमिनींत पाणी हळूहळू झिरपतें व मातीच्या कणांना कांहीं विष चिकटून राहतें. पाषाणांत तसें होत नाहीं; पाणी चिरांतून व भेगांतून धांवतें, आणि कोणती भेग कोणाच्या बोअरला जाऊन मिळते हें वरून दिसत नाहीं. पावसाचें प्रमाण अल्प असल्यामुळें विहिरींत पडलेलें विष पातळ करण्यास पाणीही थोडें. म्हैसाळचें पाणी जेथें आलें तेथें कांहीं सोय झाली, परंतु वस्तीवर राहणारें कुटुंब पिण्यासाठीं बहुतेक त्याच विहिरीवर अवलंबून असतें, जिच्या कांठीं औषधाची टाकी कालविली जाते.

नियमांच्या ४४ व्या कलमांत वापरलेले डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असें आहे. तें फवारणीचा धंदा करणाऱ्यांसाठीं लिहिलें आहे व त्याचा हेतु डबा पुन्हां वापरांत येऊं नये हा आहे. परंतु आपल्याकडे वस्ती शेतांतच असते. "दूर" म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीजवळ, असा त्याचा अर्थ होऊन बसतो. वीतभर मातीखालीं मुरूम लागणाऱ्या माळावर उरलेलें औषध खड्ड्यांत ओतणें हें तर भेगेला नळी जोडून देण्यासारखेंच आहे. तें कधींही करूं नये. जाळूंही नये, त्या धुराचें विष श्वासावाटे पोटांत जातें.

आणखी एक समजूत घातक आहे. मुदत संपली म्हणजे औषधाचा जोर गेला, आतां तें निरुपद्रवी, असें पुष्कळांस वाटतें. किडीवरचा जोर जातो हें खरें. माणसावरचा जाईलच असें नाहीं. १९७६ सालीं पाकिस्तानांत हिवतापाच्या मोहिमेंत मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारें ७,५०० मजुरांपैकीं अंदाजें २,८०० जणांस विषबाधा झाली व ५ जण दगावले. शोध घेतां असें आढळलें कीं सांठवणींत त्या पावडरींत आयसोमॅलॅथिऑन नांवाचें द्रव्य तयार झालें होतें, आणि त्यामुळें मूळचें सौम्य औषध अधिक विषारी बनलें होतें. उष्णतेनें हा बदल लवकर होतो. वैशाखांत आपल्या पत्र्याच्या खोलींत दुपारीं हात ठेववत नाहीं, तेथें बाटलींत काय शिजत असेल याची कल्पना करावी.

सांठा जागच्या जागीं राहूं दिल्यानें काय होतें याचें आपल्या देशांतील सर्वांत मोठें उदाहरण भोपाळचें. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून वायु सुटला हें सर्वांस ठाऊक आहे. तो कारखाना कीटकनाशकाचाच होता, हें मात्र पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. वायु एका रात्रींत गेला; कचरा आवारांतच राहिला. कारखान्याबाहेरच्या तळ्यांतून व जमिनींतून विष भूजलांत उतरलें, आणि २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयास आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा हुकूम करावा लागला. त्यांतला गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्यें पीथमपूरला नेण्यांत आला व त्याच वर्षीं जून अखेरीस जाळून संपला. चाळीस वर्षें लागलीं. आपला कोपरा त्यामानानें तिळाएवढा, परंतु तालुक्यांत असे कोपरे किती ?

आतां करावयाचें काय ? पहिली गोष्ट खरेदीची. एका फवारणीस लागेल तेवढेंच घ्यावें. "दोन घेतल्यास एक फुकट" या योजनेंतील फुकटची बाटलीच बहुधा कोपऱ्यांत जाऊन बसते. दुसरी गोष्ट धुण्याची, आणि हिच्यावर मी अधिक भर देतों, कारण हिला खर्च नाहीं. औषध टाकींत ओतल्यावर बाटली अर्धा मिनिट उलटी धरून निथळावी, मग पाव भाग पाणी घालून, झांकण लावून खळखळावी व तें पाणी फवारणीच्या टाकींतच ओतावें. असें तीन वेळां करावें. हें काम कालवण्याच्या वेळींच झालें पाहिजे. नंतर ओढ्यावर जाऊन धुणें म्हणजे ओढाच फवारणें होय. अशा रीतीनें धुतलेल्या बाटलीच्या तळाशीं भोंक पाडावें, म्हणजे तिच्यांत रॉकेल, ताक किंवा तेल भरण्याचा मोह कोणास होणार नाहीं. औषधाचें पिंप उभें कापून माडग्याळी मेंढरांना पाणी पाजण्याची कुंडी करण्याची चाल तर आजच सोडावी.

उरलेला सांठा आहे त्याच बाटलींत, चिठ्ठीसह ठेवावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही ओतूं नये. पातळ औषधें खालच्या फळीवर, पुड्या वरच्या फळीवर. जमीन सिमेंटची असावी व दाराशीं चार बोटें उंच कट्टा बांधावा, म्हणजे सांडलें तर बाहेर वाहणार नाहीं. शेजारीं कोरड्या वाळूची बादली व दाराला कुलूप. बियाणें, धान्य, पेंड ह्या खोलींत मुळींच नको.

मुदत संपलेल्या मालाचा प्रश्न मात्र एकट्यानें सुटणारा नाहीं. दुकानाचा नियम दुकानाच्या मालापुरता आहे. शेतकऱ्याच्या खोलींतील माल शेवटीं कोणीं उचलावा हें त्यांत सांगितलेलें नाहीं. अशा कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी अधिकृत जागा पुणें जिल्ह्यांत रांजणगांवास आहे, परंतु तेथें कोणी चार बाटल्या घेऊन जाणार नाहीं. ब्राझीलमध्यें २००० सालच्या कायद्यानें हा गुंता सोडविला. तेथें शेतकऱ्यानें डबा तीनदां धुऊन खरेदीपासून वर्षाच्या आंत परत केला पाहिजे, विकणाऱ्यानें परत करण्याची जागा पावतीवर छापली पाहिजे, आणि तेथून पुढें नेऊन त्याची विल्हेवाट लावणें ही उत्पादकाची जबाबदारी. तेथील बहुतेक डबे आज अशा रीतीनें परत येतात. आपल्याकडेही २०२२ पासून वेष्टनाच्या प्लॅस्टिकची जबाबदारी उत्पादकावर आलेली आहे; ती जतपर्यंत पोंचविण्यासाठीं मागणी मात्र आपणच केली पाहिजे.

म्हणून संस्थेच्या सभासदांपुढें दोन सूचना ठेवतों. माल उतरल्यावर व खरड छाटणीपूर्वीं बागेस विश्रांति असते, त्या दिवसांत प्रत्येकानें आपल्या खोलींतील सांठ्याची यादी करावी: औषधाचें नांव, कंपनी, मुदतीची तारीख, अदमासें किती उरलें, चिठ्ठी नसलेल्या बाटल्या निराळ्या मोजाव्या. त्या याद्या एकत्र करून संस्थेनें सांगलीच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास व संबंधित कंपन्यांस लेखी विचारावें कीं हा माल केव्हां व कसा उचलला जाईल. मंडळाच्या परवानगीवांचून संस्थेनें तो एका जागीं गोळा मात्र करूं नये, नाहीं तर चांगल्या हेतूनें आपणच विनापरवाना सांठेदार ठरूं. दुसरी सूचना दुकानांसाठीं: पुढील पावती-पुस्तकें छापतांना, धुतलेला डबा कोठें परत द्यावा ही एक ओळ तींत घालावी. ती जागा कोणती असावी, हें येत्या बैठकींत ठरवितां येईल; बैठकीस येतांना सभासदांनीं आपली यादी बरोबर आणावी.