बाबा, एक्सेल आणि ओकायामा

आमच्या ऑफिसात लंच टेबलवर दोनच विषय चालतात, अप्रेझल आणि फॉरेन ट्रिप. पहिल्यात कुणाच्याच हातात काही नसतं, त्यामुळे सगळा जोर दुसऱ्यावर. कुणी व्हिएतनाम करून आलेलं असतं, कुणी जॉर्जियाचं तिकीट किती स्वस्तात मिळवलं ते सांगत असतं. आणि प्लॅनिंग अडलं, की सगळे माझ्याकडे येतात. कारण माझी एक्सेल शीट. तारीख, वेळ, ट्रेन, तिकीट, पाऊस आला तर काय, सगळे कॉलम तयार. रंगसुद्धा ठरलेले. हिरवं म्हणजे बुक झालं, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे टेन्शन.

तर या शीटच्या जोरावर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी आई-बाबांना जपानला न्यायचं ठरवलं. बाबा अडुसष्ट वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पासपोर्ट पहिलाच, विमानही पहिलंच. आईचा एकच प्रश्न होता, ‘तिकडे खायचं काय?’ बाबांचा तोही नव्हता. ते फक्त एवढंच म्हणाले, ‘ओकायामा तिथेच आहे ना?’

हे ओकायामा प्रकरण पुणेकरांना लगेच कळेल. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हे ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. रिटायर झाल्यापासून बाबांची सकाळ त्याच बागेत जाते. ‘मूळ बाग बघायची’ हे त्यांनी गेल्या काही वर्षांत तीन-चारदा तरी म्हटलं असेल. मी ते ऐकलं होतं. शीटमध्ये टाकलंही होतं. हिरोशिमाहून ओसाकाला परतताना दोन तास, सामान कॉइन लॉकरमध्ये. हिरवा रंग. झालं काम.

आता जरा प्लॅनिंगचा फंडा सांगते, कारण तुमच्यापैकी निम्मे जण त्यासाठीच हे वाचत असणार. टूर कंपनीचा आकडा आधी विचारला होता. तो दरडोई दोन लाखांच्या पुढे गेला. शिवाय २०२४ च्या नियमाप्रमाणे सात लाखांपर्यंतच्या परदेशी पॅकेजवर ५ टक्के टीसीएस वेगळा. (तो रिटर्न भरताना क्लेम करता येतो, पण तोपर्यंत पैसे खिशातून गेलेले असतात ना!) म्हणून सगळं स्वतःच करायचं ठरलं. टोकियोवर मी लगेच फुली मारली. देशभर चालणारा सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला होता, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेसत्तावीस हजार रुपये माणशी. त्यापेक्षा ओसाका ते हिरोशिमा एवढ्याच पट्ट्याचा पाच दिवसांचा रिजनल पास कितीतरी स्वस्त पडतो. त्यामुळे ओसाकाला उतरायचं, क्योतो, नारा, हिरोशिमा करायचं आणि ओसाकाहूनच परत.

तारखा १६ ते २४ नोव्हेंबर, शनिवार ते पुढचा रविवार. क्योतोमध्ये मेपल लाल व्हायला लागलेला असतो तो काळ. तिकिटं काढून झाली आणि मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान जाहीर झालं. मला आनंद झाला, कारण ऑफिसची एक सुट्टी फुकटात वाचली. बाबा मात्र दोन दिवस गप्प होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचं मत चुकणार होतं.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा. भारतीय टुरिस्टला एप्रिल २०२४ पासून जपानचा ई-व्हिसा मिळायला लागला. पासपोर्टवर स्टिकर नाही. तो एअरपोर्टवर फोनमध्ये, इंटरनेट चालू असताना लाइव्ह दाखवावा लागतो. प्रिंट, पीडीएफ, स्क्रीनशॉट, काहीच चालत नाही. बाबांनी मात्र सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावल्या होत्या. मुंबईला काउंटरवर त्यांनी तो फोल्डर मोठ्या अभिमानाने पुढे केला आणि पलीकडच्या मुलीने तितक्याच गोड आवाजात ‘अंकल, फोन पे दिखाइए’ म्हटलं. अठ्ठावीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला कागद नको म्हणणं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं मी.

बँकॉकमार्गे ओसाका, तिथून क्योतो. पहिला दिवस धम्माल. दुसऱ्या दिवशी फुशिमी इनारी. एकामागे एक लावलेल्या केशरी तोरणांची ती वाट तुम्ही फोटोत हजारदा बघितली असेल. फोटोत एक गोष्ट दिसत नाही, ती वाट डोंगरावर चढते. २३३ मीटर. मी मजेत पुढे, आई मधे, बाबा मागे. ‘गुडघा ना? काही नाही, चला.’ तिसऱ्या दिवशी कियोमिझुदेरा, पुन्हा चढ. बसमध्ये उभं राहायला जागा नाही. फोनवर एकोणीस हजार पावलं. मी शीटमध्ये टिक करत होते. सही चाललं होतं सगळं!

खाण्याचं म्हणाल तर, शाकाहारी माणसाचा जपानमधला खरा शत्रू मांस नाही, दाशी आहे. म्हणजे वाळवलेल्या माशाचा अर्क. तो सूपमध्ये असतो, सॉसमध्ये असतो, निष्पाप दिसणाऱ्या भाजीतही असतो. आम्ही भाजणी, मेतकूट आणि हॉटेलच्या रूममधली किटली यावर तग धरला. आणि सेव्हन-इलेव्हनमधल्या उमेबोशी घातलेल्या भाताच्या त्रिकोणावर. ‘हे तर आपलं लिंबाचं खारातलं लोणचं,’ आई पहिल्याच घासाला म्हणाली, आणि त्यानंतर रोज सकाळी स्वतः जाऊन घेऊन यायला लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्योतो स्टेशनवर गडबड झाली. मला तिथून आणखी एका देवळाचं रात्रीचं लायटिंग बघायचं होतं. स्लॉट बुक होता. बाबा एका खांबाला टेकून उभे. मी म्हटलं, ‘बाबा, फक्त वीस मिनिटं चालायचंय.’ ते म्हणाले, ‘तुम्ही दोघी जाऊन या.’ मी म्हटलं, ‘असं कसं? तुमच्यासाठीच तर आलोय ना आपण!’ आवाज जरा चढलाच माझा. शेजारच्या रांगेतली माणसं अगदी विनयाने दुसरीकडे बघायला लागली. बाबा काही बोलले नाहीत. आम्ही टॅक्सी करून हॉटेलवर आलो. देऊळ गेलं, स्लॉट गेला. शीटमध्ये लाल.

बाबा झोपल्यावर आईने मला किटलीतला चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाली, ‘ते गोळी खाऊन चालतायत परवापासून. तुला सांगू नको म्हणाले.’ मग जरा थांबून, ‘आणि त्या बागेला तू दोन तास ठेवलेस म्हणे?’

मी लॅपटॉप उघडला. खरं सांगते, पहिला विचार पैशांचाच आला. हिरोशिमाचं हॉटेल नॉन-रिफंडेबल होतं. चौदा हजार येन. मियाजिमाचं समुद्रातलं ते तोरण तर मला स्वतःला बघायचं होतं, वॉलपेपरच होता तो माझा. अर्धा तास मी दोन्ही बसवायचा प्रयत्न केला. सकाळी लवकर निघालो तर, बाबांना एकटं ओकायामात ठेवलं तर, वगैरे. नाही बसलं. शेवटी हिरोशिमाच्या दोन्ही रांगा डिलीट केल्या, नारा आधीच गेलं होतं, आणि ओकायामात स्टेशनजवळ दोन रात्री घेतल्या. पास त्याच रूटवर होता, तेवढं तरी वाचलं.

सकाळी बाबांना सांगितलं. ‘कशाला उगाच पैसे घालवलेस,’ ते म्हणाले. पण दाढी केली त्यांनी त्या दिवशी. तीन दिवसांत पहिल्यांदा.

ओकायामाला फारसे टुरिस्ट उतरत नाहीत, बुलेट ट्रेनमधून झुर्रकन पुढे जातात. स्टेशनसमोरून छोटी ट्राम सुटते. शिरोशिता स्टॉपला उतरायचं, मग नदीच्या बाजूने दहाएक मिनिटं. बाबांना पंचवीस लागली. घाई नव्हतीच.

कोराकुएन म्हणजे आपल्या पु. ल. उद्यानाचा थोरला भाऊ, आणि चांगलाच थोरला. तेरा हेक्टरचा पसारा. १६८७ मध्ये इथल्या इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने काम सुरू केलं आणि १७०० मध्ये ते पूर्ण झालं. जपानच्या तीन सर्वोत्तम बागांत हिची गणना होते. नदीपलीकडे काळा कुळकुळीत किल्ला, त्याला लोक ‘कावळा किल्ला’ म्हणतात. बागेत हिरवळ, तळी, टेकडी हे अपेक्षित होतं. पण मधेच चहाचा मळा आणि चक्क भातखाचरं! सरदाराच्या बागेत भात लावलेला बघून आई हसायलाच लागली. लाल टोपीचे करकोचेसुद्धा आहेत. इथले जुने करकोचे युद्धाच्या काळात संपले. मग १९५६ साली, एकेकाळी ओकायामात शिकलेल्या क्वो मोरो या चिनी लेखकाने दोन करकोचे भेट पाठवले. ‘माझ्या वयाचे,’ बाबा म्हणाले.

पण बाबांना करकोच्यांशी देणंघेणं नव्हतं. ते पाण्याच्या मागे लागले होते. सगळ्या बागेतून एक ओढा फिरवलाय, सहाशे मीटरहून लांब, पुरता सपाट वाटणाऱ्या जमिनीवर. बाबा त्याच्या कडेकडेने निघाले. मधे एक लाकडी मंडप आहे, र्यूतेन. खाली भिंती नाहीत आणि ओढा थेट त्याच्या मधून वाहतो. तिथे ते बसले. एक वाळकं पान उचललं, पाण्यात सोडलं, घड्याळाकडे बघत राहिले. पुन्हा दुसरं पान. मी विचारलं, ‘काय करताय?’

‘वेग काढतोय. उतार बघ किती कमी दिलाय. तरी पाणी कुठे थांबत नाही. सोपं नाही हे.’

मी फोनवर वाचत होते ते त्यांना सांगितलं. ही बाग प्रत्यक्ष उभारली ती त्सुदा नागातादा या कारभाऱ्याने. आणि या माणसाचं दुसरं मोठं काम म्हणजे आसाही नदीच्या पुराचं पाणी शहराबाहेर वळवणारा ह्याक्केन नावाचा प्रवाह. कारण १६५४ च्या पुरात हे गाव बुडालं होतं.

‘म्हणजे आमच्याच खात्यातला!’ बाबा इतके खूश झाले, की आईने त्यांचा फोटो काढला. संपूर्ण ट्रिपमध्ये त्यांचे दात दिसणारा तो एकच.

पुढे वाचत गेले. १९३४ च्या पुरात बाग पुन्हा उद्ध्वस्त झाली, १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाली. जुनी चित्रं आणि नकाशे शिल्लक होते, त्यावरून ती होती तशी परत उभी केली. यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाण्याकडेच बघत म्हणाले, ‘आमचं काहीच नव्हतं राहिलं. एक फोटोसुद्धा नाही.’

पानशेत. १२ जुलै १९६१. धरण फुटलं हे मला शाळेपासून माहीत आहे, पुण्यात कुणाला माहीत नसतं? बाबांचं घर नारायण पेठेत होतं हेही माहीत होतं. पण तेव्हा पाच वर्षांच्या बाबांना आजोबांनी खांद्यावर घेऊन चढाकडे पळवलं, दुसऱ्या दिवशी परत आले तर घराच्या जागी गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात आजी दोन दिवस आपल्या लग्नाचा फोटो शोधत होती, हे मला एकतिसाव्या वर्षी, ओकायामात, मोजे काढून बसलेल्या बाबांकडून कळलं. आईलासुद्धा फोटोचं नवीन होतं. ‘मला कधी नाही सांगितलं,’ ती म्हणाली. ‘विषय निघाला नाही,’ बाबा म्हणाले.

दोन तासांत निघालाही नसता. त्या वेळेला मी लॉकरची चावी हातात घेऊन उभी असते.

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच गेलो. त्सुकिमी पुलावरून किल्ल्याकडे जाता येतं, तिथे मी एकटी गेले. परतले तेव्हा आई किबीदांगो नावाचे मऊ लाडू खात बसली होती आणि बाबा एका बागकाम करणाऱ्या आजोबांशी बोलत होते. म्हणजे बाबा मराठीत, ते जपानीत. विषय बहुधा गाळ कसा काढता हा असावा, कारण दोघांचेही हात फावड्यासारखे हलत होते.

एकूण खर्च तिघांचा मिळून साडेतीन लाखांच्या थोडा वर गेला, बुडालेले चौदा हजार येन धरून. मियाजिमा अजून बघायचंय, आणि लंच टेबलवर ‘जपानला जाऊन टोकियो नाही, हिरोशिमा नाही?’ हे मी अजूनही ऐकते.

मुंबईला उतरलो तेव्हा मध्यरात्र होऊन गेली होती. बेल्टवर सामान येईपर्यंत बाबा ट्रॉलीवर रेलून उभे होते. म्हणाले, ‘तीन सर्वोत्तम बागा म्हणालीस ना? मग उरलेल्या दोन कुठे आहेत?’

‘एक कानाझावाला, एक मितोला.’

‘लांब आहेत एकमेकींपासून?’

मी म्हटलं, ‘बाबा, आधी गुडघ्याचा एक्स-रे.’