रोजा, शुगर आणि विसराळूपणा

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, शुगर आहे, रोजे ठेवले तर चालेल ना?" विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेले असतात. डॉक्टर रिपोर्ट पाहतात, गोळ्यांच्या वेळा बदलून देतात आणि माणूस समाधानाने घरी जातो. पण याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो घरच्यांनी विचारायचा असतो. "अब्बांनी गोळी घेतली की नाही, हे हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांनी रोजा ठेवावा का?"

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण विसरणे हा आजार आहे असे आपल्याला वाटतच नाही. 'वय झालं' म्हणून आपण विषय संपवतो. अनेक वर्षे मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचे विसरणे मात्र केवळ वयामुळे असेलच असे नाही. या आजारांचा डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर आणि पायांवर परिणाम होतो हे आता घरोघरी माहीत आहे. तोच परिणाम मेंदूवरही होतो, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

मेंदूचा रक्तपुरवठा

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. ही ऊर्जा त्याला मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून मिळते आणि तिचा मोठा साठा मेंदूकडे नसतो. त्यामुळे रक्तपुरवठा क्षणोक्षणी चालू राहावा लागतो. मेंदूच्या आतल्या भागापर्यंत हे रक्त केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पोहोचवतात.

वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब नेमका याच वाहिन्यांवर घाव घालतात. त्या कडक होतात, अरुंद होतात, काही बंद पडतात. अर्धांगवायूचा झटका न येताही आत लहान लहान जागी मेंदूचे नुकसान होत राहते. माणूस चालतो, बोलतो, नमाज पढतो, बाजारात जातो. फक्त एकेक काम जड जाऊ लागते.

अशा वेळी सुरुवात नावे विसरण्यापासूनच होईल असे नाही. अनेकदा आधी बिघडते ती कामाची आखणी. आयुष्यभर दुकानाचा हिशेब तोंडी करणाऱ्या चाचांना सुटे पैसे मोजताना गोंधळायला होते. पन्नास माणसांची बिर्याणी एकहाती करणाऱ्या खालाला आधी काय आणि नंतर काय, हे सुचत नाही. बोलण्याचा वेग मंदावतो, चिडचिड वाढते. घरातले म्हणतात, "स्वभाव बदलला."

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिऍब' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. त्याच वर्षी साठीपुढच्या भारतीयांच्या स्मृतिभ्रंशाविषयीचा मोठा अभ्यासही प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा त्याचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळले.

दिलासा देणारी गोष्टही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी १४ कारणे दिली. या सगळ्यांवर उपाय झाले तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब आहे. या यादीत मधुमेह, रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान आणि बैठे जीवन आहे. उपचार न केलेला बहिरेपणा, अधू नजर, नैराश्य आणि एकटेपणाही आहे.

साखर किती खाली आणायची?

रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने मेंदू वाचतो का, हे अमेरिकेत ९,३६१ जणांवर तपासले गेले. एका गटाचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्याचा १४० च्या खाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटात सौम्य बौद्धिक घसरणीचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी दिसले. या प्रयोगात मधुमेहींचा समावेश नव्हता, त्यामुळे १२० हा आकडा प्रत्येकाने स्वतःला लावून घेऊ नये. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

साखरेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. टाइप-२ मधुमेहाच्या सुमारे ३,००० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. एका गटाची साखर औषधांनी फारच कडक आटोक्यात ठेवली, दुसऱ्याची थोडी सैल. ४० महिन्यांनंतर स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. उलट, मूळ मोठ्या प्रयोगात कडक उपचार घेणाऱ्यांचे मृत्यू जास्त झाल्याने तो उपचार २००८ मध्ये थांबवावा लागला.

कॅलिफोर्नियातील १६,६६७ वयस्क मधुमेहींच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर एकदम उतरून ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त दिसले, आणि असे प्रसंग जितके जास्त तितका धोकाही जास्त. म्हणजे वाढलेली साखर मेंदूला हळूहळू पोखरते आणि एकदम उतरलेली साखर त्याला उपाशी पाडते. वयस्क माणसाच्या मेंदूला साखर शक्य तितकी स्थिर राहणे मानवते.

रोजा आणि उतरलेली साखर

रोजा म्हणजे पहाटेच्या सहेरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्न-पाण्याचा त्याग. आपल्याकडे तो साधारण १३-१४ तासांचा असतो. १३ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप-२ मधुमेहाच्या ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ रोजे ठेवल्याचे दिसले. त्याच पाहणीत, साखर धोकादायकरीत्या उतरून रुग्णालयात जाण्याचे प्रमाण या रुग्णांमध्ये इतर महिन्यांच्या तुलनेत साडेसात पट आढळले.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने जाणकारांच्या मदतीने रोज्यांसाठी मार्गदर्शिका तयार केली. २०२१ च्या आवृत्तीत रुग्णाला गुण देऊन धोका ठरवण्याची पद्धत आहे. सहाच्या वर गुण गेले की धोका जास्त आणि रोजा न ठेवण्याचा सल्ला. त्यात बौद्धिक घसरण किंवा फार अशक्तपणा या एका मुद्द्याला साडेसहा गुण आहेत. म्हणजे बाकी सगळे रिपोर्ट चांगले असले, तरी ज्याची स्मरणशक्ती आणि समज खालावली आहे, तो केवळ तेवढ्यावरून जास्त धोक्याच्या गटात जातो.

याचे कारण घरातही कळण्यासारखे आहे. असा माणूस सहेरीला घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतो. साखर उतरताना येणारा घाम, थरथर, धडधड त्याच्या लक्षात येत नाही, आली तरी सांगता येत नाही. तो असंबद्ध बोलू लागतो किंवा चिडतो, आणि आपण म्हणतो, "रोजा लागलाय, जरा पडू द्या त्यांना." तेवढ्यात महत्त्वाचा वेळ निघून जातो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर ही भीती जास्त.

ज्यांना डॉक्टरांनी रोज्याची मुभा दिली आहे, त्यांनी दुपारी, इफ्तारआधी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा ग्लुकोमीटरने साखर तपासावी. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा तिथेच तोडावा.

सवलत धर्मानेच दिली आहे

आजारी आणि प्रवासी यांना रोज्यातून सूट कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. बरे झाल्यावर ते रोजे भरून काढता येतात. ज्यांचा आजार बरा होणारा नाही, त्यांच्यासाठी फिदया, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण देण्याची तरतूद आहे. विवेकबुद्धी शाबूत असणे ही तर रोजा फर्ज होण्याची अटच आहे. तेव्हा सवलत घेणारा माणूस धर्माच्या आज्ञेतच असतो.

पण हे ज्येष्ठांच्या मनाला पटवणे सोपे नसते. साठ वर्षे एकही रोजा न चुकवलेल्या दादीला "तू आता ठेवू नकोस" म्हटले की तिला घराबाहेर काढल्यासारखे वाटते. म्हणून ही गोष्ट हुकूम म्हणून सांगू नये. तिचा ज्यांच्यावर विश्वास आहे, त्या मौलानांकडून आणि डॉक्टरांकडून सांगवावी. फिदयाचे पैसे तिच्या हातूनच द्यावेत. सहेरीला तिला उठवावे आणि इफ्तारच्या दस्तरखानावर तिची जागा नेहमीचीच ठेवावी. दुपारी तिला एकटीला जेवावे लागू नये, घरातल्या लहान मुलांनी तिच्यासोबत बसावे.

हा प्रश्न एकट्या मुस्लिम घरांचा नाही. शुगर असूनही नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणाऱ्या, एकादशीला फक्त साबुदाणा आणि बटाट्यावर राहणाऱ्या आजी आपल्या शेजारीच असतात. औषध तेच आणि रिकामे पोट, नंतर एकदम पिष्टमय किंवा गोड खाणे, हे गणित दोन्हीकडे सारखेच आहे.

घरच्यांनी काय पाहावे?

विसराळूपणा काही महिन्यांत वाढला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. प्रत्येक विसरणे स्मृतिभ्रंश नसते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. थायरॉईडची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप आणि ऐकू न येणे यांनीही माणूस विसराळू वाटतो. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. औषधांसाठी वारांच्या कप्प्यांची डबी आणावी आणि ती भरण्याचे काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे असावे.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे चारही एकत्र केले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटाची बौद्धिक चाचण्यांतली प्रगती इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होती. यासाठी कुठलीही नवी गोळी लागली नाही.

रमजानमध्ये महिनाभर सगळे घर दिवसातून दोनदा एकत्र बसते. एरवी नोकरी-धंद्यापायी वडीलधाऱ्यांशी चार शब्द बोलणे होत नाही. या महिन्यात ते जवळ बसलेले असतात. ते काय बोलतात, काय विसरतात, गोळी कधी घेतात, याकडे आपण लक्ष द्यावे. काही वेगळे जाणवले तर ईदची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.