घाट एकदा बांधतात, पदर रोज विणावा लागतो

कृष्णाकाठच्या माणसाला क्षेत्र म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वाईत रास्ते घराण्याने १७६२ साली ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आणि आजही ती कृष्णेचा पूर अंगावर घेते. गोदाकाठचे पैठण असेच जुने क्षेत्र आहे. ती सातवाहनांची राजधानी, तिथेच एकनाथांची समाधी. पैठणचा दुसरा वारसा मात्र रेशमाचा आणि जरीचा. सातारा-सांगलीहून पैठणला जाणाऱ्याने या दोन वारशांतला फरक ध्यानात घ्यावा. देऊळ एकदा बांधले की शतके उभे राहते. विणकामाला दर पिढीत नवा आश्रयदाता लागतो.

याचे कारण विणीतच आहे. पैठणीच्या पदरावर मोर विणताना प्रत्येक रंगाच्या बाण्याची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ताण्याचे तार मोजतो, कांडी तेवढ्याच तारांतून नेतो आणि रंग संपतो तिथे शेजारच्या धाग्यात गुंतवून मागे फिरवतो. त्यामुळे मागे धागे लोंबत नाहीत, पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. भरगच्च नक्षीला कित्येक महिने जातात. एवढे दिवस घर चालेल एवढी मजुरी कुणीतरी द्यावी लागते. पेशव्यांनी आणि निजामाने ती दिली. ते दरबार गेले तसे मागही कमी झाले, आणि आज पैठणीचे मोठे केंद्र येवला आहे. कला गावाच्या नावापेक्षा गिऱ्हाइकाला धरून राहते, हे यावरून दिसते.

यंत्रमागावर तशीच साडी स्वस्तात मिळते, मग गरिबाच्या लेकीने ती का नेसू नये, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या विट्यात यंत्रमागांनी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून विकली तर कुणाचेच नुकसान नाही. ती हातमागाची म्हणून विकली की फसवणूक दुहेरी होते: घेणाऱ्याचे पैसे जातात आणि विणकराचे काम जाते.

विणकराचे काम टिकवणे हे सरकारने पाहावे, असेही म्हटले जाते. सरकारने पैठणला पैठणी केंद्र चालवले, पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन नाव राखते, माग चालता ठेवते ती खरेदी. तेव्हा नाथांच्या दर्शनाला गेलात तर मागापर्यंतही जा. घ्यायची ऐपत असेल तर आधी पदर उलटून पाहा, हातमागाची खूण मागा आणि मग विणकराच्या मजुरीत घासाघीस करू नका.