खाजणाचे राखणदार

गोमंतकातील मांडवी व जुवारी या नद्या समुद्राला मिळतात, तेथे त्यांचा उतार अगदी मंद आहे. त्यामुळे भरतीचे खारे पाणी त्यांच्या पात्रांतून दूरवर आत शिरते व ओहोटीबरोबर परत फिरते. दिवसातून दोन वेळा हा क्रम चालतो. काठच्या कित्येक जमिनी तर भरतीच्या पातळीहूनही सखल आहेत. अशा ठिकाणी भात पिकेल, असे कोणास वाटेल काय? परंतु तेथील शेतकरी शेकडो वर्षे या जमिनींतून भात पिकवीत आले आहेत. या जमिनींना खाजण म्हणतात.

खाजणाचे पहिले रक्षण म्हणजे बांध. चिखल, पेंढा व चिरे यांनी तो रचतात. बांधाबाहेर नदीच्या अंगाला कांदळवन राखतात; लाटांचा जोर त्या झाडांच्या मुळांवर ओसरतो.

दुसरे रक्षण म्हणजे मानस. बांधातील मोरीला बसविलेल्या लाकडी दारांना हे नाव आहे. ही दारे नदीच्या बाजूस उघडतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब पडून ती आपोआप मिटतात; ओहोटी लागली की आतील पावसाचे पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. जी भरती शेत बुडवायला येते, तिच्याकडूनच दार लावून घेण्याची ही युक्ती किती चतुर आहे!

पावसाळ्याच्या सरी जमिनीतील क्षार धुऊन काढतात. मग शेतकरी कोरगुट नावाचे भात पेरतात. उंच वाढणाऱ्या या भाताला थोडा खारटपणा व साचलेले पाणी सोसते. कापणीनंतर खारे पाणी बेताने आत घेतात. त्याबरोबर कोळंबी, खेकडे व मासे येतात आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात.

येथेच लोभाची परीक्षा होते. मासळीच्या आशेने कोणी अवेळी दार उघडले, तर खारे पाणी सर्वांच्या शेतांत पसरते. बांधाला पडलेले लहानसे भगदाडही वेळीच बुजविले नाही, तर भरतीगणिक रुंदावत जाते आणि जमीन पुढील कित्येक वर्षे नापीक होते. म्हणून बांधाची राखण ही कोणा एकट्याची नव्हे, तर साऱ्या गावाची जबाबदारी असे. गावकरी नावाची ग्रामसंस्था ती पाहत असे. या संस्थेच्या रूढी पोर्तुगीज सत्तेने १५२६ साली एका सनदेत नोंदविल्या. रूढी मात्र त्याहून जुन्या होत्या.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना हक्क मिळाले व बांधांची जबाबदारी पुढे कुळांच्या संघांकडे गेली. हक्क मिळणे न्याय्यच होते. परंतु अनेक गावांत तरुण दुसऱ्या व्यवसायांत शिरले आणि राखण सैल पडली. जेथे बांध फुटले, तेथे भाताच्या जागी आज कांदळवन माजले आहे. शिवाय पृथ्वी तापत असल्याने समुद्राची पातळीही हळूहळू वाढत आहे. म्हणजे पूर्वीहून अधिक जागरूक राहण्याची वेळ आली असतानाच राखणदार कमी झाले आहेत.

बांध मातीचा असतो. तो दरवर्षी झिजतो व दरवर्षी डागावा लागतो. पूर्वजांचे ज्ञानही तसेच आहे. ते एकदा मिळवून पुरत नाही. प्रत्येक पिढीने ते शिकून, स्वतःच्या हातांनी जिवंत ठेवावे लागते.