साहसाची चित्रफीत आणि परतीची वाट

हातातल्या फोनवर दिसणाऱ्या अर्ध्याएक मिनिटाच्या चित्रफिती आज घरोघरी पाहिल्या जातात. गडकिल्ले, धबधबे, हिमशिखरे हे त्यांतले आवडते विषय. परंतु चित्रफीत पाहून उत्साहाने निघालेला माणूस कड्यापाशी पोचतो, तेव्हा त्याला समोर काही निराळेच दिसते. हा फरक कोठून येतो, याचा थोडा विचार करू.

साहसाचे चित्रण ही आजची कल्पना नव्हे. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेबरोबर कॅप्टन जॉन नोएल कॅमेरा घेऊन गेले होते. त्यांच्या मूकपटात तिबेटातील माणसे येतात, हिमनदीवरील संथ वाटचाल येते, आणि मॅलरी व आयर्विन परतले नाहीत हेही येते. दूर पल्ल्याच्या भिंगातून टिपलेली माणसे त्यात मुंगीएवढी दिसतात. पर्वत केवढा आणि माणूस केवढा, हे प्रमाण प्रेक्षकाला न सांगता कळते.

आजच्या चित्रफितीची रीत वेगळी. २०२० साली भारतात इन्स्टाग्रामचे ‘रील्स’ आणि यूट्यूबचे ‘शॉर्ट्स’ सुरू झाले, तेव्हा मर्यादा पंधरा सेकंदांची होती. पुढे ती वाढली, तरी घाई तीच राहिली. कारण कोणती चित्रफीत अधिक लोकांपुढे न्यायची, हे ठरविताना ती लोकांनी किती वेळ पाहिली आणि किती जण मध्येच सोडून गेले, याची मोजदाद होते. साहजिकच शिखर आधी येते आणि वाट गळून जाते.

त्यातच कॅमेरा आपली भर घालतो. कपाळावर किंवा छातीवर बांधायच्या कॅमेऱ्याचे भिंग फार रुंद असते. त्यात जवळच्या वस्तू मोठ्या व दूरच्या लहान दिसतात, आणि उभा चढ पुष्कळदा सौम्य भासतो. दुसरे असे की, कॅमेऱ्यातील यंत्रणा हालचाल मोजते आणि प्रत्येक चित्र उलट बाजूस सरकवून हादरे काढून टाकते. चढणाऱ्याचे पाय लटपटत असले, तरी पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. तिसरे काम कात्रीचे. दम खाणे, वाट चुकणे, तहान लागणे, हे सारे ती कापते.

नाशिक जिल्ह्यातील हरिहर गडाचे उदाहरण घ्या. कातळात कोरलेल्या त्याच्या उभ्या पायऱ्या अशा चित्रफितींनी दूरदूर पोचविल्या. हाताला आधार म्हणून पायरीच्या दोन्ही बाजूंस खोबण्या कोरल्या आहेत. त्या कोरणाऱ्यांची दृष्टी पाहून मन थक्क होते. चित्रफितीत आपण चढणारा पाहतो. पण ज्या पायऱ्यांनी चढायचे, त्याच पायऱ्यांनी उतरायचे असते. वरून येणारा आणि खालून जाणारा एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात. पावसात खडक निसरडा असतो, आणि उतरताना खोल दरी नजरेसमोर राहते. हा उतार क्वचितच कोणी दाखवितो. पावसाळ्यात सह्याद्रीत अडकलेल्यांसाठी गावकरी आणि गिर्यारोहकांची बचाव पथके दोर घेऊन धावतात, तीही बहुधा चौकटीच्या बाहेरच राहतात.

म्हणून या चित्रफिती वाईट ठरत नाहीत. ज्या तरुणाला गडाचे नावही ठाऊक नव्हते, त्याला त्यांनी घराबाहेर काढले, हे मोठेच काम होय. मात्र निमंत्रणपत्रिका म्हणजे वाटाड्या नव्हे. चित्रफीत आवडली, तर ती कोणत्या ऋतूत घेतली, माणसे किती वाजता निघाली, एकूण वेळ किती लागला आणि ती उतरली कशी, हे आधी विचारावे. उत्तर चित्रफितीत नसेल, तर पायथ्याच्या गावात ते नक्की मिळते. गावकरी ‘आज वर जाऊ नका’ म्हणाले, तर तेथूनच मागे फिरावे. गड पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असणार आहे.