एंजिन तापमापन, जुन्या मोटारगाड्यांतील

पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनातील पाण्याचे तापमान चालत्या गाडीत चालकाला दाखविण्याची योजना. हे तापमान साधारणपणे ८०° ते ९०° से. असावे लागते. ते फार वाढल्यास सिलिंडर शीर्ष वाकते व त्याखालील गॅस्केट जळते. फार कमी राहिल्यास इंधन वाया जाते व सिलिंडर लवकर झिजतात.

आरंभी तापमापक रेडिएटरच्या टोपणावरच बसवीत. बॉइस मोटोमीटर (एकस्व १९१२) या प्रसिद्ध उपकरणाने पाण्याचे नव्हे, तर त्यावरील बाष्पाचे तापमान कळे. पुढे ईथरसारखा बाष्पनशील द्रव भरलेला फुगा एंजिनाच्या पाण्यात बुडवून त्यातील बाष्पदाब केशनलिकेने दर्शकापर्यंत नेण्यात येऊ लागला. हा प्रकार विजेवाचून चालतो व विश्वसनीय असतो. मात्र केशनलिका तुटली की निकामी होतो. विद्युत् प्रकारात पाण्यात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो व काटा सरकतो. एंजिनाशी त्याचा विद्युत् संपर्क बिघडल्यास, उदा., आट्यांवर जाड फीत गुंडाळल्यास, काटा खरे तापमान कमी दाखवितो. द्विधातवीय पट्टीच्या दर्शकांना स्थिर विद्युत् दाब लागतो. इंधनाचा व तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच चढले, तर दोष बहुधा विद्युत् दाब स्थिर राखणाऱ्या घटकात असतो, एंजिनात नव्हे.

काट्याची खात्री करण्यासाठी थर्मिस्टर किंवा फुगा काढून, गाडीच्या दर्शकाला जोडलेला ठेवूनच, उकळत्या पाण्यात प्रमाणित तापमापकाशेजारी धरतात. उकळते पाणी म्हणजे १००° से. हे गृहीत मात्र सर्वत्र चालत नाही. परभणी शहर समुद्रसपाटीपासून सु. ४०० मी. उंचीवर असल्याने तेथे पाणी सु. ९८.७° से.लाच उकळते. रेडिएटरच्या दाबटोपणामुळे हा उकळबिंदू बराच वर जातो. टोपणाची कमान किंवा रबरी कडे सैल झाले की ही सवलत संपते. या जिल्ह्यात मे महिन्यात हवाच ४२° से.च्या आसपास तापते. त्यामुळे अँबॅसडर (उत्पादन २०१४ मध्ये बंद) किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाडीच्या रेडिएटरला उष्णता बाहेर टाकण्यास वाव कमी उरतो आणि काट्याची थोडी चूकही महाग पडते. बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा कठीण असते. त्याचा क्षारथर फुग्यावर बसला की काटा उशिरा हलतो; म्हणून मृदू पाणी व गंजरोधक द्रव्य वापरणे इष्ट.

सर्वांत फसवी स्थिती पाणी गळून गेल्यावर येते. फुगा उघडा पडून वाफेत किंवा हवेत राहतो व एंजिन तापत असतानाच काटा खाली येऊ शकतो. चढणीवर काटा अकस्मात उतरल्यास गाडी थांबवावी. एंजिन निवेपर्यंत टोपण उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते. अवरक्त तापमापकाने बाहेरून पडताळा घेता येतो. चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियम यांवर मात्र तो तापमान कमी दाखवितो, म्हणून त्या जागी काळ्या रंगाचा ठिपका देतात.